बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद बरोबर? सुपे ते डोंबिवली



संयोजकांनी आजच्या व्याख्यानाचं नाव 'गृहकर्ज आणि न्याय' असं छापलं आहे. ते चुकीचं नाही. पण आम्हाला खरं तर एका वाक्याचा इतिहास सांगायचा आहे. ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि बहुतेकांनी बोललेलंही असेल. 'बँकेनं लोन दिलंय ना, मग कागद बरोबरच असणार.'

हे वाक्य आम्हीही बोललो आहोत. २०१९ च्या दिवाळीत आमची एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याला घेऊन फराळाला आली होती. सोबत प्लास्टिकची फाईल. डोंबिवलीत वन बीएचके बघितला होता, कर्ज मंजूर होत आलं होतं. तिने कर्ज देणाऱ्या संस्थेतल्या साहेबांना विचारलं होतं, आम्ही आमचा वकील करून कागद दाखवून घेऊ का? साहेब म्हणाले, 'आमच्या वकिलाने टायटल बघितलंय, प्रोजेक्ट आमच्याकडे अप्रूव्ह्ड आहे. वेगळा वकील करून दहा-पंधरा हजार कशाला घालवता?' ती आम्हाला विचारायला आली होती, सर, काय करू? तिला आम्हीच कधी काळी तर्कशास्त्र शिकवलेलं. आणि आम्ही काय सांगितलं? 'अगं, ते स्वतःचे पैसे घालतायत. तपासल्याशिवाय घालतील का? घेऊन टाक.'

२०२५ च्या सुरुवातीला तिचा फोन आला. इमारत बेकायदा ठरली होती, रिकामी करण्याची नोटीस लागली होती. ती आमच्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, 'सर, आता कुणाकडे जायचं?' त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही जुनी पुस्तकं, कायदे, निकाल काढून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आमच्या विषयातलं थोडं. न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. पण कुणीही सांगितलेलं नव्हे, 'आप्ता'ने सांगितलेलं. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नाही. वात्स्यायनाने भाष्यात आप्ताची ओळख दिली आहे : ज्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत आहे, आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो पुढे असंही म्हणतो, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू पडतं. म्हणजे पदवी, कपडे, टेबलावरची पाटी यांचा संबंध नाही. प्रश्न दोनच. याला माहीत आहे का? आणि जसं आहे तसं सांगावं असं याला वाटतं का?

आता कर्ज विभागातल्या साहेबांना या दोन प्रश्नांवर तपासा. महापालिकेच्या परवानगीची मूळ फाईल त्यांनी पाहिलेली नसते, त्यांच्यापुढे पॅनेलवरच्या वकिलाचा अहवाल असतो. आणि महिन्याचं टार्गेट असतं. माणूस वाईट असतो असं नाही. पण या बाबतीत तो आप्त नाही.

आमची चूक त्याहून मोठी. आम्ही अनुमान केलं : ते स्वतःचे पैसे घालतात, म्हणून त्यांनी तपासलं असणार. यातली व्याप्तीच खोटी आहे. कर्ज देणाऱ्याचा भरवसा नुसत्या फ्लॅटवर नसतो. तो तुमच्या पगारावर असतो, सहअर्जदारावर असतो, खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यावर असतो. इमारत पडली तरी कर्ज उभंच राहतं. त्यांची जोखीम आणि तुमची जोखीम एक नाही. ज्याने आयुष्यभर हेत्वाभास शिकवले त्याला हे दिवाळीच्या फराळासमोर सुचलं नाही!

असो. आता इतिहासाकडे.

पुणे जिल्ह्यात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, सुपे नावाचं बाजाराचं गाव आहे. १२ मे १८७५ रोजी तिथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. आपण याला दख्खनचे दंगे म्हणतो. पण दंगेखोरांना हवं काय होतं? धान्य, दागिने हा मुख्य मुद्दा नव्हता. त्यांना रोखे हवे होते, गहाणखतं हवी होती. ते कागद हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे त्याला फारसा धक्का लागला नाही.

कागदावर एवढा राग का? त्यामागे एक गंमत आहे, म्हटलं तर क्रूर गंमत. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत केला पाहिजे, जुनी कर्जं उकरून काढता येणार नाहीत. हेतू कर्जदाराच्या भल्याचा. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार कुणब्याला बोलवायचा आणि सांगायचा, 'कायदा बदललाय, नवा रोखा करावा लागतो, अंगठा कर.' नव्या रोख्यात थकलेलं व्याज मुद्दल होऊन बसायचं. पुढच्या तीन वर्षांनी पुन्हा तेच. कुणब्याला कायदा कोण समजावून सांगत होता? सावकारच. म्हणजे कर्ज देणारा आणि सल्ला देणारा हा एकच माणूस होता. आजच्या विषयाचं मूळ इथे आहे.

सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याखाली काही काळ विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केलं. यातलं बारावं कलम आम्हाला विलक्षण वाटतं. ते सांगतं, न्यायालयाने नुसता रोखा पाहू नये, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास पाहावा. मूळ पैसे किती दिले, कधी दिले, व्याज किती झालं, परत किती आले. आणि पुढे, कर्जदाराने कर्ज कबूल केलं तरी ती कबुली आपले हक्क पूर्ण माहीत असताना दिलेली आहे याची न्यायालयाने खात्री करावी. म्हणजे 'सही आहे ना तुझी?' एवढ्यावर प्रश्न संपत नव्हता. 'सही करताना तुला काय माहीत होतं?' हा प्रश्न आला.

याच कायद्याने शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती, दरसालचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. आज तुम्ही कर्जखात्याचं स्टेटमेंट मागता, त्या हक्काचे पणजोबा हे.

सावकारांनी वाट काढलीच. गहाणखताऐवजी खरेदीखत करून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं, 'पैसे आणून दे, जमीन परत देतो.' कागदावर विक्री, तोंडी गहाण. मग कायद्यात दुरुस्ती करून न्यायालयाला असा अधिकार दिला गेला, की कागदावर काहीही लिहिलेलं असो, तोंडी पुरावा घेऊन व्यवहाराचं खरं स्वरूप शोधावं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या जिल्ह्यात या. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागातून वारली माणसं तिथे आली होती. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा झाला तो वेठीविरुद्ध होता. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको वर्षानुवर्षं राबत होते. कर्ज फिटलं की नाही हे ठरवणारा माणूस एकच, ज्याने ते दिलं तो. १९४६ मध्ये मुंबई प्रांताचा सावकारी कायदा झाला. सावकाराला परवाना आवश्यक झाला, कर्जदाराला हिशेब देणं आवश्यक झालं.

म्हणजे सत्तर वर्षांत आपल्या प्रांताने एक मोठी गोष्ट मान्य केली : ज्याच्या हाती पैसा आणि माहिती दोन्ही आहेत, त्याच्यावर जास्त जबाबदारी. मग डोंबिवलीच्या फ्लॅटवाल्याला हा वारसा का मिळाला नाही?

कारण सावकार बदलला. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ ची, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली, आणि डोंबिवलीला स्थानक १८८७ मध्ये झालं. पण मुंबईतल्या गिरगाव-दादरच्या चाळींतला मराठी मध्यमवर्ग इकडे लोंढ्याने आला तो स्वातंत्र्यानंतर, विशेषतः सत्तरच्या दशकापासून. १९६३ मध्ये महाराष्ट्राने फ्लॅटच्या मालकीचा कायदा केला, आपण त्याला 'मोफा' म्हणतो. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली आणि पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज ही गोष्ट हळूहळू सवयीची झाली. त्याआधी घर म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, सोसायटीचं कर्ज, आईच्या पाटल्या आणि निवृत्तीची वाट. ठाणे महापालिका १९८२ मध्ये झाली, कल्याण-डोंबिवली १९८३ मध्ये.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम आलं. त्याचा अर्थ असा, की बँकेने लावलेलं व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालय तो व्यवहार पुन्हा उघडणार नाही. १८७९ ने उघडलेलं दार व्याजाच्या दरापुरतं बँकांसाठी बंद झालं. बँक म्हणजे सावकार नव्हे, तिच्यावर रिझर्व्ह बँक आहे, ही त्यामागची समजूत. आणि दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत बँकिंग आणि वित्तपुरवठा स्पष्टपणे घातला गेला. व्याज जास्त का, हे विचारू नका. पण सेवेत त्रुटी आहे का, हे जरूर विचारा. एक दार बंद, दुसरं उघडं.

हा दुसरा दरवाजा आपोआप उघडला नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांची ग्राहक पंचायत, १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत, या चळवळींनी 'ग्राहक' हा शब्द मराठी घरात रुजवला. डाळ-तांदळाच्या वाटपापासून सुरू झालेलं काम कायद्यापर्यंत गेलं. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी हीसुद्धा सेवाच आहे असं म्हटलं, आणि सार्वजनिक संस्थाही ग्राहकाला उत्तरदायी आहेत हे ठणकावलं. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने 'त्रुटी'च्या व्याख्येत आणखी एक गोष्ट लिहिली : महत्त्वाची माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवणं ही त्रुटी आहे.

चुकीचा सल्ला दोन तऱ्हांचा असतो. एक पैशाबद्दल, दुसरा घराबद्दल.

पैशाबद्दलचा सांगतो. 'व्याज वाढलं तरी काळजी करू नका, हप्ता तेवढाच राहील.' किती सुखद वाक्य! आता हिशेब करू. समजा २०२२ च्या सुरुवातीला तुम्ही २० लाख रुपये, २० वर्षांसाठी, ६.७५ टक्के बदलत्या दराने घेतले. हप्ता येतो साधारण १५,२०० रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, म्हणजे अडीच टक्के वाढ. तुमचा दर झाला ९.२५. वीस लाखांवर एका महिन्याचं नुसतं व्याज होतं १५,४१६ रुपये. हप्ता १५,२००. म्हणजे कर्ज नवं असेल तर हप्ता वेळेवर भरूनसुद्धा मुद्दल उतरत नाही, उलट वाढू शकतं. थोडं मुद्दल फिटलेलं असेल तर वाढणार नाही, पण वीस वर्षांची मुदत चाळीस-पन्नास वर्षांवर जाते. हप्ता 'तेवढाच राहिला', हे खरं. पण हे सत्य आणि सुप्याच्या सावकाराचं सत्य यांत फरक किती? थकलेलं व्याज पुन्हा मुद्दलात!

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये याबाबत परिपत्रक काढलं. दर बदलला तर हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होईल हे कर्ज देतानाच सांगायचं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला निवडू द्यायचं. धोरणानुसार स्थिर दराकडे जाण्याची मुभा द्यायची. आणि मुदत वाढवताना मुद्दल फुगणार नाही हे बघायचं. ज्यांच्या घरी कर्ज चालू आहे त्यांनी आज घरी जाऊन एवढंच पाहावं : मूळ मुदत किती होती आणि आज किती महिने शिल्लक आहेत.

आता घराबद्दलचा सल्ला, आणि इथे आपण डोंबिवलीत पोहोचलो.

महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारावर महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवून इमारती उभ्या राहिल्या. एका वास्तुविशारदाने पाठपुरावा करून हे बाहेर काढलं आणि जनहित याचिका केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबं. अनेकांनी बँकांकडून, वित्तसंस्थांकडून रीतसर कर्ज घेतलेलं. आमच्या विद्यार्थिनीची इमारत अशाच प्रकारची.

तिच्या फाईलमध्ये काय नव्हतं? नोंदणीकृत करारनामा होता. मुद्रांक शुल्क भरलेलं होतं. रेरा नंबर होता. घरपट्टीची पावती होती, वीजबिल होतं. व्याजाचं सरकारी अनुदानसुद्धा जमा झालेलं. आता एकेकाला विचारा. दुय्यम निबंधक म्हणतात, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. महापालिका म्हणते, कर घेतला म्हणजे बांधकाम अधिकृत होत नाही. कर्ज देणारे म्हणतात, वकिलाचा अहवाल आमच्या अंतर्गत वापरासाठी होता. प्रत्येकाचं बोलणं सुटं सुटं घेतलं तर कायद्याला धरून आहे. आणि सगळ्यांच्या बोलण्याची बेरीज केली तर त्या बाईला घर उरत नाही.

यावर आमचं म्हणणं असं. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका संस्थेच्या याचिकेवर निर्देश झाले. संस्थेचं नाव 'कल्याण संस्था', पण आपल्या कल्याणशी संबंध नाही हं. (हशा) त्या निर्देशांवरून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना कळवलं, की घरासाठी कर्ज देताना मंजूर नकाशा पाहा, बांधकाम त्या नकाशाप्रमाणे आहे असं वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र घ्या, अनधिकृत वसाहतींतल्या मालमत्तेवर कर्ज देऊ नका. आणि १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले, त्यातला एक असा, की भोगवटा किंवा पूर्णत्वाचं प्रमाणपत्र पडताळल्यावरच बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज द्यावं. म्हणजे तपासणं ही बँकेची मर्जी नाही, तिचं काम आहे. आणि त्या तपासणीचे पैसे, लीगल चार्जेस, टेक्निकल चार्जेस, प्रोसेसिंग फी, कोण भरतो? कर्जदार. ज्याने पैसे भरले त्यालाच 'अहवाल तुमच्यासाठी नव्हता' म्हणणं हे आम्हाला पटत नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर व्याख्यान नव्हे, प्रचार होईल. १८७२ चा करार कायदा अजून चालू आहे. त्याचं अठरावं कलम सांगतं, जे आपल्याला खात्रीने माहीत नाही ते खात्रीने सांगितलं, तर सांगणाऱ्याला ते खरं वाटत असलं तरी ते चुकीचं निवेदनच. कर्ज विभागातल्या साहेबांना हे तंतोतंत लागू. पण पुढच्याच कलमात अपवाद आहे : साधारण काळजी घेऊन सत्य कळण्यासारखं असेल, तर करार रद्द करता येत नाही. म्हणजे समोरचा वकील उभा राहून विचारणार, 'बाई, महापालिकेत जाऊन परवानगीचा क्रमांक का नाही पडताळला?' आणि आमच्यापुरतं बोलायचं तर ती 'साधारण काळजी' घ्यायलाच ती निघाली होती. थांबवलं दोघांनी. एक ते साहेब, आणि दुसरे आम्ही.

याशिवाय पुराव्याची अडचण. साहेब जे बोलले ते तोंडी. करारात त्याच्या विरुद्ध छापलेलं, की मालमत्तेच्या मालकीची आणि परवानगीची खात्री कर्जदाराने करून घेतली आहे. त्याखाली तिची सही. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते हे. शंभर वर्षांपूर्वीच्या निरक्षर शेतकऱ्याला कागदाविरुद्ध तोंडी पुरावा देण्याची खास सवलत होती. आजच्या पदवीधर कर्जदाराला ती सवलत नाही. तो शिकलेला आहे ना! पण साठ पानांचा इंग्रजी करार अर्ध्या तासात, चाळीस ठिकाणी सह्या करत, कुणी वाचू शकतं का? साक्षरतेने अंगठा गेला, पण सही करताना काय माहीत होतं, हा १८७९ चा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

मग जायचं कुणाकडे? तिला आम्ही जे लिहून दिलं ते क्रमाने सांगतो. आम्ही वकील नाही. वकिलाकडे जाण्याआधीची तयारी म्हणून हे ऐका.

पहिलं, हप्ता मनाने बंद करायचा नाही. राग समजतो, पण थकबाकी झाली, खातं अनुत्पादक ठरलं, की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि फिर्यादीची तुम्ही थकबाकीदार होता. त्या कायद्यातही २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक जाचक अट रद्द केली : दाद मागण्याआधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरा, अशी ती अट होती. तेव्हा त्या टप्प्यावरही दाद आहे, पण तिथपर्यंत जाऊ नये.

दुसरं, कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार. काय सांगितलं गेलं, कुणी, कोणत्या तारखेला. वकिलाचा आणि तांत्रिक अहवाल मागायचा. पोच घ्यायची.

तिसरं, बँक असेल तर तीस दिवस उत्तराची वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१ च्या एकात्मिक योजनेत नुकसानीपोटी वीस लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद झाली. ही तक्रार फुकट आहे. पण गृहवित्त कंपन्या त्या योजनेत नव्हत्या, त्यांच्यासाठी राष्ट्रीय आवास बँकेचा तक्रार विभाग आहे. आपल्याला कर्ज बँकेने दिलंय की गृहवित्त कंपनीने, हे आधी पाहा. नावं सारखी असतात, लोक चुकतात आणि महिने जातात.

चौथं, ग्राहक आयोग. नव्या कायद्याने एक चांगली सोय केली, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. डोंबिवलीकराला ठाण्याचा आयोग. मुदत दोन वर्षांची. कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर भरवसा ठेवू नये. बिल्डर, आणि कर्ज देणारे, दोघांनाही प्रतिवादी करता येतं.

पाचवं, बिल्डरविरुद्ध महारेरा आणि पोलिसांत फिर्याद. आणि सहावं, एकट्याने नाही. त्याच इमारतीत त्याच संस्थेकडून कर्ज घेतलेले दहा जण असतील, आणि दहा जणांना तेच वाक्य सांगितलेलं असेल, तर ते तोंडी राहत नाही. ती पद्धत ठरते. सुप्याच्या शेतकऱ्यांना हे कळलं होतं. त्यांनी एकत्र येऊन कागद जाळले. आपण एकत्र येऊन कागद जपायचे.

तिने हे सगळं केलं. तिच्या मजल्यावरच्या चार कुटुंबांनीही केलं. निकाल लागलेला नाही, आणि तो कसा लागेल हे आम्ही सांगणार नाही. कारण आम्हाला ते माहीत नाही, आणि माहीत नसलेलं खात्रीने सांगण्याची आमची हौस एकदा पुरेशी भागली आहे.

मागच्या महिन्यात ती फाईल घेऊन आली होती. तक्रारीला जोडायचं शपथपत्र तिला नीट लिहून हवं होतं. लिहिता लिहिता आम्ही विचारलं, 'वेगळा वकील का केला नाही, याचं कारण काय लिहू?' ती म्हणाली, 'कर्ज अधिकाऱ्याने तसं सांगितलं, असं लिहा.' आम्ही म्हटलं, 'आणि आम्हीही सांगितलं होतं.' ती म्हणाली, 'ते नको सर. तुमचं नाव कशाला त्यात?'

आम्ही थोडा वेळ लेखणी खाली ठेवली. मग तिला सांगितलं, की आप्ताचं दुसरं लक्षण आठव. जसं आहे तसं सांगायची इच्छा. त्याशिवाय साक्षीदार कसा होणार? साहेब काय बोलले हे तिने त्याच संध्याकाळी आम्हाला सांगितलं होतं, आणि घरच्यांव्यतिरिक्त ते ऐकलेला एकमेव माणूस आम्हीच होतो. तेव्हा आमचंही एक शपथपत्र त्या फाईलमध्ये लागलं आहे. त्यात साहेबांचं वाक्य आहे, आणि त्याच्या खाली आमचं.

तुमच्यापैकी कुणी उद्या कुणाला घराबद्दल सल्ला देणार असाल तर एवढंच करा. त्याला घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा, परवानगीचा क्रमांक पुढे ठेवा, आणि तो खरा आहे का हे लेखी विचारा. एक दिवस मोडेल. तो मोडू द्या.